मांजर निर्दोष आहे, मग दोष कुणाचा?

मे महिन्यात नांदेडचा पारा ४३ च्या आसपास रेंगाळायला लागला की सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर एकच मेसेज फिरतो : पक्ष्यांसाठी पाणी ठेवा. मीही ठेवलं. आम्ही तरोड्याकडे तळमजल्यावर भाड्यानं राहतो. कंपाउंडच्या भिंतीवर मधुमालतीचा वेल चढलाय. त्याच्या शेजारी, भिंतीवरच, मातीचं पसरट भांडं ठेवलं. दोन दिवसांत चिमण्या यायला लागल्या, मग साळुंक्या, मग लालबुड्या बुलबुलची एक जोडी. मी फोटो काढून स्टेटसला टाकला. खूप बदाम आले.

आठवड्याभरानं एका सकाळी आमची भुरी दारातून आत आली, तेव्हा तिच्या तोंडात त्या जोडीतला एक बुलबुल होता.

जिवंत होता. भुरीनं तो फरशीवर ठेवला, पंजानं दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मी ओरडले, टॉवेल टाकून पक्षी उचलला, बुटाच्या खोक्यात ठेवला. रक्त जवळजवळ नव्हतंच, म्हणून वाटलं वाचेल. तासाभरात गेला. नंतर कळलं, मांजराचा दात सुईसारखा असतो. वरून जखम दिसत नाही, पण आत खोल जाते. शिवाय मांजराच्या लाळेतले जंतू पक्ष्याला सोसत नाहीत, त्यामुळे तावडीतून सुटलेला पक्षीसुद्धा बऱ्याचदा दगावतो.

खरा धक्का दुसऱ्या दिवशी बसला. खिडकीतून पाहिलं तर भुरी वेलाच्या सावलीत, बरोबर भांड्याखाली, अंग चोरून बसलेली. नजर वर. ती जागा तिनं शोधली होती, पण तयार मी केली होती. पाणी मी ठेवलं होतं, मांजरही मीच पाळलं होतं. दोन्ही गोष्टी दयेपोटी केलेल्या. आणि दोन्ही दया एकाच भिंतीवर आणून ठेवल्यावर तिथे सापळा तयार झाला होता.

रडवेली होऊन आजीला फोन केला. आजी लातूरजवळच्या गावी राहते. भुरी तिच्याच घरात जन्मलेली, मीच तिला पिशवीत घालून एसटीनं नांदेडला आणलेलं. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रडायलीस कशाला? मागं उंदीर धरला तवा तर शाबासकी दिलीस की तिला."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. पण तेव्हापासून हा प्रश्न सुटला नाही, म्हणून लिहितेय.

आजी माळकरी आहे. तिच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. पण तिच्या घरात मांजर नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही. ज्वारीची पोती, तूर, हरभरा, सगळं घरातच. धान्य आलं की उंदीर आले, उंदीर आले की मांजर हवं. मला हे आधी थोडं ढोंगी वाटायचं : स्वतः मारायचं नाही, मांजराकडून मारून घ्यायचं. पण माणूस आणि मांजर यांचं नातं सुरूच तिथून झालं. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य साठवायला लागला, त्या धान्यावर उंदीर आले आणि उंदरांच्या मागे रानमांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. म्हणजे शिकार हा मांजराला लागलेला वाईट नाद नाही. त्या कामासाठीच आपण तिला घरात येऊ दिलं. माझ्या नांदेडच्या घरात धान्याची पोती नाहीत, पाच किलोचं पीठ येतं. भुरीची नोकरी गेली, पण ज्या अंगाच्या जोरावर ती मिळाली होती ते अंग तसंच राहिलं.

मैत्रिणींना सांगितलं तर बहुतेकींनी समजूत घातली, "अगं, निसर्गच आहे तो." हे ऐकायला बरं वाटतं, पण मला ते पटत नाही. रानात शिकारी आणि शिकार एकमेकांना बांधलेले असतात. पाखरं कमी झाली की शिकारी उपाशी राहतो, त्याची पिल्लं मरतात, पाखरांना पुन्हा उसंत मिळते. भुरीच्या बाबतीत ही दोरी तुटलेली आहे. गल्लीतला शेवटचा बुलबुल संपला तरी संध्याकाळी तिची वाटी भरलेलीच असणार. ती मी भरणार. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की तिथे मोकळी फिरणारी मांजरं दरवर्षी शंभर कोटींहून जास्त पक्षी मारतात. त्यातले बहुतेक बेवारशी मांजरांच्या तोंडी जातात, पण बेवारशी मांजरंही कधीतरी कुणाच्या तरी वाटीजवळूनच निघालेली असतात. ज्या शिकाऱ्याला रोज जेवण माणूस देतो, त्याच्या शिकारीला नुसता निसर्ग म्हणता येत नाही.

मग वाटलं, जास्त खायला घालू, पोट भरलं की मारणार नाही. तेही खरं नाही. मांजरांच्या वागण्याचा आयुष्यभर अभ्यास करणारे जर्मन शास्त्रज्ञ पॉल लायहाउझेन यांनी दाखवलं की मांजरात भूक आणि शिकार या गोष्टी बऱ्याच स्वतंत्रपणे चालतात. १९७६ मधल्या एका प्रयोगात जेवत असलेल्या मांजरांसमोर उंदीर आणला. त्यांनी जेवण अर्धवट सोडलं, उंदीर मारला, आणि परत येऊन आधीचंच जेवण संपवलं. यात क्रौर्य शोधणं चूक आहे. उंदीर काही ठरलेल्या वेळी बिळाबाहेर येत नाही. भूक लागेपर्यंत थांबणारं मांजर रानात टिकलं नसतं.

आपल्याकडे म्हण आहे : मांजरीचे दात तिच्या पिल्लाला लागत नाहीत. भुरीला पिल्लं झाली होती तेव्हा मी ते पाहिलंय. मानेला धरून ती एकेकाला पलंगाखालून कपाटात न्यायची, ओरखडासुद्धा नाही. बुलबुलाच्या मानेत घुसले ते हेच दात. त्या दातांना मायाळू म्हणता येत नाही आणि क्रूरही म्हणता येत नाही. दोष द्यायचा तर समोरच्याला 'हे करू नये' असं कळायला हवं, आणि कळल्यावर थांबता यायला हवं. भुरीला दोन्ही शक्य नाही. म्हणून तिला मारणं, रागावणं, दिवसभर न बोलणं (मी हे सगळं केलं) निरर्थक होतं. पण ती निर्दोष ठरली म्हणून दोष हवेत विरून जात नाही. ज्याला कळतं आणि थांबता येतं, त्याच्याकडे तो येतो. त्या घरात असं एकच जण होतं.

इथे मला दोन गोष्टी आठवतात. पहिली 'लीळाचरित्रा'तली. पारधी मागे लागलेला ससा पळत पळत येऊन चक्रधरस्वामींच्या आसऱ्याला लपतो. पारधी येतात, ससा मागतात. स्वामी देत नाहीत, त्यांना समजावतात. नांदेड जिल्ह्यातलं माहूर हे महानुभावांचं मोठं ठिकाण, त्यामुळे ही गोष्ट आमच्याकडे बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेली असते. दुसरी महाभारतातली, शिबी राजाची. कबुतर राजाच्या मांडीवर येऊन बसतं, मागून ससाणा येतो आणि म्हणतो, हे माझं अन्न आहे, याला वाचवशील तर मी आणि माझी पिल्लं मरू.

लहानपणी मला दोन्ही गोष्टी एकच वाटायच्या : दया करावी. आता फरक दिसतो. पारध्यांना समजावता येतं, ती माणसं आहेत. ससाण्याला उपदेश करून उपयोग नाही, आणि त्याचं म्हणणं खोटंही नाही. म्हणून शिबी त्याला पापी म्हणत नाही, हाकलूनही देत नाही. तराजू मागवतो आणि कबुतराच्या भाराइतकं स्वतःचं मांस कापून देतो. मला त्यातलं हे महत्त्वाचं वाटतं : दयेची किंमत तो स्वतः भरतो. मी मात्र मांजरावरची माया माझ्या नावावर लावली आणि तिची किंमत बुलबुलाला भरायला लावली.

माझ्या वाट्याचं मांस काय, हे शोधल्यावर ते तसं फार नव्हतं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात शेकडो पाळीव मांजरांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मालकांनी मांजराशी रोज पाच-दहा मिनिटं शिकार-शिकार खेळलं तर घरी येणारी शिकार २५ टक्क्यांनी कमी झाली. धान्याऐवजी भरपूर मांस असलेलं खाणं दिलं तर ३६ टक्क्यांनी. गळ्यातल्या घंटीचा मात्र फारसा उपयोग दिसला नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार हा उंदरांचा जुना प्रश्न. माणसानं ती बांधून पाहिली, तरी प्रश्न सुटला नाही.

तर आता असं आहे. भुरीची नसबंदी केली. भांडं भिंतीवरून काढून छताच्या हुकाला तारेनं टांगलं, खाली झुडूप नाही. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी पाखरं परतताना जाळीचं दार बंद. रोज दहा मिनिटं सुतळीला चिंधी बांधून मी घरभर पळते. तिच्या वाटीत आता कोंबडी जास्त असते. कोंबडीही कुणीतरी मारलेलीच असते, हे मला माहीत आहे. मांजर पाळून हात कोरे ठेवता येत नाहीत. फार तर कशासाठी आणि किती, हे डोळे उघडे ठेवून ठरवता येतं. मांजर दूध पिताना डोळे मिटतं म्हणतात. मीही वर्षभर तेच केलं होतं.

हे सुखाचं नाही. दार बंद झालं की भुरी जाळीला नखं लावून ओरडते. तिचं जग मी लहान केलंय, म्हणजे किंमत थोडी तिनंही भरली. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "कोंडून ठेवायलीस का गं तिला?" मी म्हणाले, "दोन-तीन तासच." आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मांजराला कळत नसतंय. तुला कळतंय ना, मग तूच बघ."

उंदराचं उत्तर अजून मिळालेलं नाही. बुलबुलासाठी रडले, पण भुरीनं मारलेल्या पाली, सरडे, न खाता टाकून दिलेली चिचुंद्री, यांची मी मोजदादही ठेवली नव्हती. बुलबुल गातो, दिसतो छान, स्टेटसला चालतो. वेदनेचा हिशोब असा रूपावरून करता येत नाही, हे मला कळतं. मन अजून तेवढं सरळ झालेलं नाही.

आज सकाळी टांगलेल्या भांड्यावर बुलबुल आला. एकटाच होता; जोडीतला उरलेला की दुसरा कुठला, मला ओळखता येत नाही. जाळीच्या आत भुरी त्याच्याकडे बघत होती, जबडा थरथरत होता, तोंडातून तो बारीक कचकच आवाज. बुलबुल पाणी पिऊन उडाला. मी सुतळी घेतली आणि फरशीवर चिंधी ओढायला लागले.