तीस बाइटांचा निरोप

वाय-फायचे पहिले मानक १९९७ साली ठरले, तेव्हा मोठा प्रश्न हवेतल्या गर्दीचा होता. एकाच लहरीवर अनेक यंत्रे बोलणार, म्हणजे कोणी थांबायचे, कोण जोडले गेले, कोण निघाले, हे सतत सांगत राहणे आले. हे नियंत्रणाचे संदेश जितके आटोपशीर, तितकी खऱ्या मजकुराला जागा जास्त. गुप्ततेची जी काही सोय होती, ती मजकुरापुरती. नियंत्रणाचे संदेश उघडेच राहिले. त्यांत चोरण्यासारखे काही नव्हतेच. पण चोरी आणि बतावणी हे दोन वेगळे गुन्हे आहेत, हे ध्यानात यायला वेळ लागला.

‘जोडणी तोडत आहे’ असे कळवणारी डीऑथेंटिकेशन फ्रेमच पाहा. चोवीस बाइट शीर्षकाचे, त्यातच पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता. दोन बाइट कारणाच्या क्रमांकाचे. शेवटचे चार पडताळणीचे. झाले तीस. ही पडताळणी वाटेत काही बिघडले का, एवढेच सांगते. पाठवणारा खरा की तोतया, हे कळायला त्या तीस बाइटांत काहीच नाही. राउटरचा पत्ता तर हवेत सगळ्यांनाच दिसतो. कोणीही यावे आणि टपली मारून जावे, अशी गत.

२००३ साली सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जॉन बेलार्डो आणि स्टीफन सॅव्हेज यांनी राउटरच्या नावाने खोटा संदेश पाठवून जोडणी तोडण्याचा हा हल्ला प्रत्यक्ष करून दाखवला. त्यांनी सुचवलेला उपाय मला फार आवडतो. तोडण्याचा संदेश आला की पाच-दहा सेकंद थांबायचे. तेवढ्यात त्याच यंत्राकडून मजकूर आला, तर संदेश खोटा. निघून गेलेला माणूस बोलत राहत नाही. संदेशात एक बाइटही वाढवायचा नाही! मात्र एका राउटरवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या यंत्राची या थांबण्यामुळे अडचण होऊ शकते. काटकसर इथेही फुकट नव्हतीच.

पक्का उपाय २००९ मध्ये वाय-फाय मानकाच्या ८०२.११डब्ल्यू या दुरुस्तीने दिला: संदेशावर पाठवणाऱ्याची ओळख पटवणारा शिक्का. एकाच यंत्रासाठीच्या अशा संदेशाला सोळा बाइट जास्त, सर्वांसाठीच्या संदेशाला अठरा. पण हा उपाय ऐच्छिक ठेवला गेला, त्यामुळे हल्ला पुढेही शक्य राहिला. २०१४ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मॅरियट या हॉटेल कंपनीकडून सहा लाख डॉलर वसूल केले, कारण नॅशव्हिलच्या हॉटेलात पाहुण्यांचे स्वतःचे हॉटस्पॉट याच संदेशांनी तोडले जात होते आणि हॉटेलच्या वाय-फायसाठी तिथे प्रदर्शन मांडणाऱ्यांकडून यंत्रामागे अडीचशे ते हजार डॉलर घेतले जात होते. डब्ल्यूपीए३ या वाय-फाय सुरक्षाप्रणालीत शिक्क्याचे हे संरक्षण सक्तीचे झाले ते २०१८ ला. सोळा बाइटांसाठी नऊ वर्षे! जुनी यंत्रे चालली पाहिजेत हे मान्य, तरी ही दिरंगाई मला समर्थनीय वाटत नाही.

मग प्रत्येक संदेशावर शिक्का मारावा का? तसेही नाही. मजकूर पोचल्याची पावती, म्हणजे एसीके, चौदा बाइटांची असते आणि २.४ गिगाहर्ट्झवर ती दहा मायक्रोसेकंदांत निघावी लागते. ती मजकुराच्या जवळजवळ प्रत्येक खेपेला जाते. तिला शिक्का लावला तर सगळे जाळेच जड होईल. तोडण्याचा संदेश क्वचित जातो, पण खोटा निघाला तर जोडणीच जाते. संदेश किती लहान आहे हे न पाहता, तो किती वेळा जातो आणि खोटा निघाला तर काय बिघडते, हे पाहायला हवे.

या कसोटीवर सर्वांत अवघड ठरते ती सीटीएस फ्रेम, म्हणजे एकाला पाठवायची मुभा देऊन बाकीच्यांना थांबवणारा संदेश. तीही चौदा बाइटांची, वारंवार जाणारी. पण एका फटक्यात सुमारे बत्तीस मिलिसेकंद सगळ्यांना गप्प बसवू शकणारी. सेकंदाला अशा तीसेक खोट्या फ्रेम पाठवल्या, तर नियम पाळणारी सारी यंत्रे मुकी होतात. २००३ च्या त्याच निबंधात हेही होते.

तोडण्याच्या संदेशाचे संरक्षण मात्र घरीही लावता येते. घरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये त्यासाठीचा ‘पीएमएफ’ किंवा ‘प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स’ असा पर्याय दिसतो का, ते पाहा. घरातली सगळी यंत्रे नवी असतील तर तो सक्तीचा करा. एखादे जुने असेल तर निदान ऐच्छिक तरी ठेवा, बंद ठेवू नका.