दिल्यानंतरचा हक्क

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणगी देणाऱ्या प्रतिष्ठानांना त्यातली पात्रतेची अट फार आवडते. देश, काळ आणि पात्र पाहून द्यावे, हे खरेच. पण ज्याच्याकडून परतफेड व्हायची नाही त्याला द्यावे, हेही त्याच श्लोकात आहे. धर्मशास्त्रकार आणखी पुढे जातात : देणाऱ्याचा वस्तूवरचा हक्क संपून घेणाऱ्याचा निर्माण झाला, तरच ते दान. म्हणजे पारख करायची ती देण्याआधी. आजची बहुतेक प्रतिष्ठाने पारख देऊन झाल्यावरही चालू ठेवतात, आणि तीही मालकाच्या नजरेने. अशा व्यवहाराला दान म्हणणे मला पटत नाही.

अनुदानाचा करारनामा उघडून पाहावा. समजा, एखादी संस्था पाड्यांवर कुपोषणाचे काम करते. अंदाजपत्रकात मानधन, प्रवास, प्रशिक्षण, छपाई अशी शीर्षे ठरलेली. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला, प्रशिक्षण बारगळले. ते पैसे आजारी बाळाला तालुक्याला नेणाऱ्या जीपवर खर्च करायचे, तर आधी ई-मेल पाठवून मंजुरीची वाट पाहायची. दर तिमाहीला अहवाल हवा, फोटो हवेत, लाभार्थ्यांचे आकडे हवेत. मात्र ते लिहिणाऱ्या माणसाचा पगार 'प्रशासकीय खर्च', आणि तो द्यायला कोणी राजी नाही. यात सरकारही मागे नाही. परदेशी देणग्यांतून प्रशासनावर करायच्या खर्चाची मर्यादा २०२० मध्ये ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली. (कंपन्यांच्या सीएसआरचे तर बोलायलाच नको : १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करणे कायद्यानेच भाग आहे. त्याचे पुण्य कोणाच्या खाती मांडायचे?)

यावर विश्वस्तांचे उत्तर वजनदार आहे. पैसा आमचा नाही, आम्ही केवळ सांभाळणारे; करसवलत मिळालेल्या निधीचा हिशेब मागणे हे आमचे कर्तव्यच, आणि कागदोपत्री संस्था काढून पैसे खाणारे काय कमी आहेत? मान्य. पण मग निधी विश्वस्तांचाही नाही आणि संस्थेचाही नाही, तो लोकांचा आहे. त्याचा हिशेब लेखापरीक्षकापुढे, धर्मादाय आयुक्तांपुढे आणि ज्यांच्यासाठी काम चालते त्यांच्यापुढे मांडला जावा. पैसा कुठे गेला हे विचारणे वेगळे, आणि पाड्यावर काय शिकवायचे हे शहरात बसून ठरवणे वेगळे. चोरी पहिल्याने पकडली जाते. दुसऱ्याने संस्था फक्त आज्ञाधारक होते, आणि आज्ञाधारक संस्था न जमलेले काम कधीच कळवत नाही.

खरा अवघड आक्षेप विनोबांच्या अनुभवातून येतो. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी १०० एकर जमीन दिली आणि भूदान सुरू झाले. पुढे चळवळीचा खर्च गांधी स्मारक निधीतून चालू लागला. कार्यकर्ता निधीकडे पाहू लागतो आणि गावाकडे पाहायचे विसरतो, हे ओळखून विनोबांनी १९५६ मध्ये पळणी येथे निधिमुक्तीचा निर्णय घेतला. पगारी समित्याही मोडल्या. तत्त्व निर्मळ होते, परिणाम तितका नव्हता. संघटनेची वीण उसवली, आणि मिळालेल्या जमिनीच्या वाटपासारखे चिकाटीचे काम अनेक ठिकाणी रेंगाळले. तेव्हा पैसाच नको, हा मार्ग मी सुचवणार नाही. विनोबांचे निदान बरोबर होते. औषधाची मात्रा मात्र जास्त झाली.

मधली वाट अशक्य नाही. फोर्ड फाउंडेशनने २०१६ पासून 'बिल्ड' या कार्यक्रमात निवडक संस्थांना पाच-पाच वर्षांची, बरीचशी लवचीक अनुदाने दिली. आपल्याकडच्या प्रतिष्ठानांनीही पात्र एकदा नीट पारखावे, काही वर्षांचे पैसे शीर्षांच्या जाचाशिवाय द्यावेत आणि लेखापरीक्षण हवे तितके कडक ठेवावे. हे जमणार नसेल, तर करारनाम्यावरचा 'देणगी' हा शब्द खोडून तिथे 'कामाचा ठेका' लिहावे, आणि ठेकेदाराला देतात तसा अहवाल लिहिणाऱ्याच्या पगारासकट सगळा खर्च द्यावा.