लोक काय म्हणतील?

भारतातून निघताना आपण बॅगेत गोडा मसाला भरला, लोणच्याच्या बरण्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भरल्या, देवघरातला बाळकृष्ण पर्समध्ये जपून घेतला. आणखी एक गोष्ट मात्र न भरताच आपल्याबरोबर आली आणि ती कस्टमच्या अधिकाऱ्यालाही सापडली नाही. ती म्हणजे ‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न. मुलाने मेडिकल सोडून संगीत घ्यायचे ठरवले, कुणाचा घटस्फोट झाला, वडिलांना वृद्धाश्रमात ठेवायची वेळ आली, की हा प्रश्न दारात हजर!

याच प्रश्नावर एका माणसाने आयुष्यभराचा व्यवसाय उभा केला, आणि तोही आमच्या न्यू जर्सीत, घरापासून अर्ध्या तासावर असलेल्या प्रिन्स्टनमध्ये. ते म्हणजे जनमत चाचणीचे जनक मानले जाणारे जॉर्ज गॅलप. त्यांच्यात आणि आपल्यात फरक एवढाच की आपण प्रश्न विचारतो आणि उत्तरही आपणच देऊन टाकतो. गॅलप लोकांकडे जाऊन विचारत.

गॅलप यांचा जन्म १९०१ सालचा, आयोवा राज्यातल्या जेफरसन या छोट्या गावातला. आयोवा विद्यापीठातून त्यांनी १९२८ मध्ये डॉक्टरेट मिळवली. वर्तमानपत्राचे वाचक नेमके काय वाचतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. वाचकाला नुसते विचारले तर तो सांगणार की मी पहिल्या पानावरच्या महत्त्वाच्या बातम्या वाचतो. गॅलप वाचकाच्या शेजारी बसून अंकाचे एकेक पान उलटत आणि यातले काय काय वाचले ते विचारत. तेव्हा उघड होई की व्यंगचित्रांच्या पट्ट्या बातम्यांपेक्षा जास्त वाचल्या जातात! माणूस स्वतःबद्दल जे सांगतो आणि प्रत्यक्षात जे करतो त्यात अंतर असते, हा धडा त्यांना व्यवसायाच्या आरंभीच मिळाला.

१९३२ साली ते न्यूयॉर्कच्या एका मोठ्या जाहिरात कंपनीत संशोधनासाठी रुजू झाले. त्याच वर्षी त्यांच्या सासूबाई आयोवाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट या पदासाठी निवडणुकीला उभ्या होत्या. जावयाने त्यांच्यासाठी मतदारांचा कौल अजमावून पाहिला. सासूबाई निवडून आल्या आणि त्या पदावरच्या पहिल्या महिला ठरल्या. पुढे १९३५ मध्ये गॅलप यांनी स्वतःची जनमत संस्था काढली. कोणत्याही राजकीय पक्षाचे पैसे घेऊन चाचणी करायची नाही, हा नियम त्यांनी तेव्हापासून पाळला.

पुढच्याच वर्षी कसोटीची वेळ आली. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रूझवेल्ट विरुद्ध लँडन असा सामना होता. ‘लिटररी डायजेस्ट’ या प्रसिद्ध साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. तेवीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून साप्ताहिकाने लँडन जिंकणार असे जाहीर केले. गॅलप यांचा नमुना याच्या तुलनेत चिमूटभर होता. त्यांनी रूझवेल्ट जिंकणार असे सांगितले, आणि वर डायजेस्टचा अंदाज कसा आणि किती चुकणार तेही आधीच छापले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले.

हे कसे घडले ते मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. शितावरून भाताची परीक्षा आपल्याकडे आजीसुद्धा करते. अट एकच, भात नीट ढवळलेला हवा. डायजेस्टने नावे घेतली होती टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारगाड्यांच्या नोंदींतून. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार बाळगणारा कोण असणार? म्हणजे त्यांनी भलामोठा डाव घातला खरा, पण वर तूप तरंगत होते तेवढ्याच थरात.

यश मिळाले की माणूस निर्धास्त होतो. १९४८ साली ट्रुमन आणि ड्यूई यांच्यात लढत होती. गॅलप यांनी ड्यूई जिंकणार असे सांगितले आणि निवडणुकीच्या बऱ्याच दिवस आधी विचारणे थांबवले. शेवटच्या दिवसांत लोकांचे मन बदलत होते, ते ऐकायला कुणी नव्हते. ड्यूई यांच्या विजयाचा मथळा छापलेले शिकागोचे वर्तमानपत्र हातात धरून हसणारे ट्रुमन आपण सर्वांनी फोटोत पाहिले आहेत. गॅलप यांनी चूक मान्य केली आणि नमुना निवडण्याची पद्धत सुधारली. तरी हा धंदा पुढेही चुकत राहिलाच. भारतात २००४ साली बहुतेक चाचण्यांनी वाजपेयी सरकार परत येणार असे सांगितले होते, आणि काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे.

ही सारी माहिती मला फार पूर्वीपासून होती. पुण्याला कॉलेजात संख्याशास्त्र शिकले, इथे येऊन त्यावरच नोकरी केली. नमुना म्हणजे काय, चूक कुठे होते, हे मी दुसऱ्यांना शिकवत असे. घरात मात्र माझे सगळे शास्त्र कोलमडले. ती गोष्ट इतक्या वर्षांनी लिहिते आहे, कारण आज ती वाचून कुणाचे एखादे वर्ष वाचले तर बरेच आहे.

१९९७ च्या उन्हाळ्यात आमची धाकटी लेक घरी आली आणि स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, “आई, मी लग्न ठरवलंय.” मुलगा तिच्याबरोबर काम करणारा, हुशार, कष्टाळू, आणि कृष्णवर्णीय अमेरिकन. माझ्या तोंडून पहिले वाक्य काय निघाले असेल ते तुम्ही ओळखलेच असेल.

“अगं, लोक काय म्हणतील?”

ती शांतपणे म्हणाली, “कुठले लोक, आई? नावं सांग.”

मी नावे सांगू लागले. सांगलीची मावशी, पुण्याचे थोरले दीर, इथली आमच्या मंडळातली दोन कुटुंबे... फ्रिजवरच्या वहीत ती लिहीत गेली. सात नावांवर मी थांबले. ज्यांना मी ‘लोक’ म्हणत होते, ते सगळे मिळून सात जण होते. त्यांतल्या एकालाही मी काही विचारले नव्हते. एक कोटी मतपत्रिका पाठवून चुकणारे ते साप्ताहिक माझ्यापेक्षा बरे, त्यांनी निदान विचारले तरी होते!

त्यानंतरचे वर्षभर आमच्या घरात अबोला होता. ह्यांनी मध्यस्थी करून पाहिली. मी एकच सांगत राहिले, “माझं काही नाही हो, पण लोकांचं काय?”

गॅलप यांनी १९४७ साली प्रश्न कसे विचारावेत याची पाच पायऱ्यांची एक पद्धत मांडली होती. माणसाला विषयाची माहिती आहे का, हे आधी तपासायचे. मग त्याला मोकळेपणाने बोलू द्यायचे. मग नेमका मुद्दा काढून हो की नाही ते विचारायचे. मग कारण विचारायचे. आणि शेवटी, हे मत किती ठाम आहे ते पाहायचे. एका रात्री झोप येईना तेव्हा मी हे पाच प्रश्न स्वतःलाच विचारले. माहिती? मी त्या मुलाला भेटलेही नव्हते. मोकळेपणाने बोलणे? लेकीला मी बोलूच दिले नव्हते. हो की नाही? नाही. कारण? लोक.

इथे मी अडले. कारण ‘लोक’ हे काही माझे कारण नव्हते, तो पडदा होता. त्याच्यामागे माझे स्वतःचे मत दडलेले होते. त्याच्या रंगाची मला भीती वाटत होती, आणि मी शिकलेली बाई असल्याने ते कबूल करायची लाज वाटत होती. म्हणून मी ते मत सात जणांच्या नावावर टाकून मोकळी झाले होते. वहीतल्या त्या यादीत आठवे नाव लिहायचे राहिले होते, ते माझेच.

दुसऱ्या दिवशी लेकीला फोन केला आणि त्याला घेऊन यायला सांगितले. तो आला तेव्हा माझ्याइतकाच घाबरलेला होता. पुढे बोलता बोलता कळले की त्याच्या आईनेही त्याला तेच विचारले होते, “तिकडचे लोक तुला काय म्हणतील?”

मग मी एकेकाला सांगायला सुरुवात केली. सांगलीच्या मावशीला फोन करताना हात थरथरत होता. तिचे वय ८१. ती म्हणाली, “तो तिला जपतो ना? मग झालं तर.” मी म्हटले, “मावशी, मला वाटलं तू रागावशील.” ती म्हणाली, “मला कुणी विचारलंच नाही गं कधी.”

एलिझाबेथ नोएल-नॉयमान या जर्मन जनमत संशोधक बाईंनी १९७४ मध्ये मौनाच्या भोवऱ्याचा सिद्धांत मांडला. आपले मत अल्पमतात आहे असे ज्याला वाटते तो एकटे पडण्याच्या भीतीने गप्प बसतो. तो गप्प बसला की दुसऱ्या बाजूचा आवाज आहे त्याहून मोठा वाटतो, आणि त्यामुळे आणखी माणसे गप्प होतात. आपल्या समारंभांतही हेच चालते. एक जण तावातावाने बोलतो, नऊ जण श्रीखंडाच्या वाटीकडे बघत राहतात, आणि घरी जाताना आपण म्हणतो, “सगळ्यांचं हेच मत आहे.” मावशी त्या नऊ जणांतली होती.

सात जणांपैकी चौघे मनापासून आनंदले. दोघे काही बोलले नाहीत, पण लग्नाला आले. एका कुटुंबाने आमच्याकडे येणे बंद केले, ते आजतागायत. हिशेब पूर्ण सांगायचा तर तेही सांगायला हवे.

आता खरा प्रश्न पुढेच आहे. समजा, सातही जण विरोधात गेले असते तर? नीट विचारले, बिनचूक मोजले, आणि लोकांचे म्हणणे खरोखरच ‘नाही’ असे निघाले, तर ते मानायचे का?

गॅलप यांच्या संस्थेने १९५८ साली गोऱ्या आणि काळ्या माणसांमधल्या विवाहांबद्दल अमेरिकनांना विचारले होते. ४ टक्के लोकांनी मान्यता दिली. १९६७ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे विवाह रोखणारे कायदे रद्द केले, तेव्हा ते अजून सोळा राज्यांत लागू होते. त्यानंतरच्या वर्षी मान्यता देणारे २० टक्के होते. म्हणजे न्यायालयाने बहुमताची वाट पाहिली नाही. १९९७ साली, माझी लेक स्वयंपाकघरात उभी होती त्या वर्षी, हा आकडा ६४ टक्के होता आणि २०२१ मध्ये ९४ टक्के. १९५८ चा आकडा काही चुकीचा नव्हता. गॅलप यांनी तो प्रामाणिकपणे मोजला होता. पण तेव्हा लग्न करणारी ती थोडीशी जोडपीही चुकीची नव्हती.

याच १९५८ साली आपल्या महर्षी कर्व्यांना भारतरत्न मिळाले. त्यांनी १८९३ साली एका विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. त्या वर्षी मुरुडमध्ये कुणी जनमत चाचणी घेतली असती तर अण्णांच्या बाजूने किती मते पडली असती, याचा अंदाज करायला संख्याशास्त्र लागत नाही.

उलट टोकाला जाण्यातही शहाणपण नाही. सगळे विरोधात आहेत म्हणजे मीच कर्वे, असे होत नाही. हट्टी माणूसही एकटाच असतो. चार जणांनी ‘गाडी चालवताना तुला आता नीट दिसत नाही’ असे सांगितले, तर तिथे बहुमताचे ऐकावे. लोक ‘नाही’ म्हणतात तेव्हा कारण विचारावे. कारणात कुणाचे नुकसान दिसत असेल तर थांबून विचार करावा. ‘आजवर असे कुणी केले नाही’ एवढेच कारण निघाले, तर त्याला कारण म्हणू नये.

मग लोकांचे मत विचारायचे तरी कशाला? मला वाटते, मोजलेले लोकमत आपल्याला रस्त्याची चढण सांगते. आपल्याला किती किंमत मोजावी लागेल, कुणाची समजूत घालावी लागेल, कोण न बोलता आपल्या बाजूला उभे आहे, हे त्यातून कळते. जायचे कुठे ते मात्र आपले आपण ठरवावे लागते. गॅलप यांनाही आकड्याने योग्य-अयोग्य ठरते असे म्हणायचे नव्हते. सामान्य माणसाला विचारले पाहिजे, त्याचे ऐकले पाहिजे, एवढा त्यांचा आग्रह होता, आणि १९८४ साली मृत्यू येईपर्यंत तो त्यांनी सोडला नाही. आपल्या घरांत तेवढे झाले तरी पुष्कळ.

मावशी आता नाही. ती वही अजून आहे, फ्रिज मात्र दोनदा बदलला. गेल्या दिवाळीत आमची नात कॉलेजमधून आली आणि स्वयंपाकघरात घुटमळत म्हणाली, “आजी, तुला एक सांगायचंय.” मी चकलीचा सोऱ्या बाजूला ठेवला, हात धुतले आणि खुर्ची ओढून बसले. या वेळी आधी ऐकायचे, असे ठरवले होते.