विहार म्हणजे निवारा



विहार म्हणजे वंदना घेण्याची जागा, असे आपण मुलांना सांगतो. ते खरे आहे, पण पुरते खरे नाही. पहिले विहार कसे उभे राहिले, याची हकीकत विनयपिटकात आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीला पहाटे भिक्खू दिसले. कोणी झाडाखालून, कोणी गुहेतून, कोणी पेंढ्याच्या गंजीतून उठून येत होते. त्याचे मन द्रवले. तथागतांची अनुज्ञा मिळताच त्याने एका दिवसात साठ निवारे बांधले. ते कोणाला अर्पण करावेत, असे त्याने विचारले. चारी दिशांच्या, आलेल्या आणि पुढे येणाऱ्या संघाला अर्पण कर, असे तथागतांनी सांगितले.

म्हणजे थंडीवाऱ्यापासून माणसाचे रक्षण व्हावे, या करुणेतून विहार जन्माला आला. त्या भिक्खूंनी तर स्वेच्छेने घर सोडले होते. आज उघड्यावर निजणाऱ्या माणसाने घर सोडलेले नाही, त्याला ते मिळालेलेच नाही. मग त्याच्याविषयी आपली करुणा किती मोठी असली पाहिजे?

नीराकाठच्या आपल्या सांगवीच्या शिवारात डोळे उघडून पाहा. ऊसतोडीचा हंगाम लागला की बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. कारखान्याला ऊस पुरवणारी ही माणसे माळावर कोप्या घालून राहतात. मुकादमाची उचल फेडायची म्हणून गावाकडचे घर बंद करून आलेली ही कुटुंबे जवळजवळ अर्धे वर्ष बेघरच असतात. बाळंतीण त्याच कोपीत, तापाने फणफणलेले मूलही त्याच कोपीत. पारधी बांधवांची दशा याहून कठीण. गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 साली रद्द झाला, पण लोकांच्या मनातला संशय रद्द झाला नाही. त्यांचे पाल आज इथे पडते आणि उद्या उठवले जाते.

“ती आपली माणसे नव्हेत,” असे कोणी म्हणेल. बंधूंनो, आपल्या वाडवडिलांनाही गावाने हेच म्हणून वेशीबाहेर ठेवले होते. सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने आपल्या वस्तीभोवती नवी वेस घालावी काय? जो वेस घालतो, त्याने देव बदलले, मन बदलले नाही!

आता काम कसे करायचे ते पाहू. बेघर कुटुंबाला एक चादर दिली की काम संपत नाही. आज रात्रीपुरते छप्पर हवे. मग आधार कार्ड, रेशन कार्ड, जातीचा दाखला हवा. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे, आदिवासींसाठी शबरी योजना आहे, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. परंतु ज्याच्याकडे कागद नाही आणि पायाखाली जागा नाही, त्याच्यापर्यंत योजना पोहोचत नाही. कागदासाठी तहसील कचेरीत खेटे घालणारा तरुण हवा, बाळंतिणीपाशी बसणारी भगिनी हवी, मुलाला शाळेत नेणारा शिक्षक हवा. हे एका मंडळाचे काम नव्हे.

आणि आपली मंडळे काय करतात? जयंतीच्या मिरवणुकीत कोणाचा मान पुढे, यावरून एकमेकांची तोंडे पाहत नाहीत. कौशांबीचे भिक्खू असेच भांडले होते, तेही भांड्यात उरलेल्या थोड्याशा पाण्यावरून. तथागतांनी समजावले, तरी ऐकेनात. तेव्हा तथागत त्यांना सोडून वनात निघून गेले. मग कौशांबीच्या उपासकांनी त्या भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे बंद केले. तेव्हा कुठे ते शुद्धीवर आले. यातला बोध आपल्या वर्गणीदारांनी घ्यावा! जी मंडळे एकत्र बसत नाहीत, त्यांना वर्गणी देताना जाब विचारावा.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा आठवा. ती गाडगेबाबांनी उभारली आणि 1949 साली परमपूज्य बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. एक कीर्तनकार, दुसरा कायदेपंडित. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण माणसाच्या निवाऱ्यापाशी त्या एकत्र आल्या. मग एकाच बुद्धाला शरण गेलेल्या आपल्या मंडळांच्या वाटा का एकत्र येऊ नयेत?

म्हणून येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर लगेच उठू नका. बौद्ध महासभेची शाखा, महिला मंडळ, तरुण मंडळ यांनी एकाच सतरंजीवर बसावे. गावातल्या इतर मंडळांना आणि ग्रामपंचायतीलाही बोलवावे. शिवारात किती कुटुंबे उघड्यावर आहेत, ते मोजावे आणि कोणते काम कोणाचे, ते वाटून घ्यावे. विहाराची किल्ली कोणाकडे असते, हेही त्याच बैठकीत सांगावे, म्हणजे अवकाळी पावसाच्या रात्री भिजणाऱ्या आईला ती शोधत फिरावे लागणार नाही.

विहार चारी दिशांना दिलेले दान आहे. त्याचे दारही चारी दिशांना उघडे राहो.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!