थोथरेखचा दोष काय होता?



आजचं चिंतन ओवीवर किंवा श्लोकावर नाही. आठवडाभर एका थडग्यातले लेख वाचतोय, त्यावर लिहितो.

मध्य इजिप्तमध्ये तूना अल-जबल इथे पेटोसिरिस नावाच्या पुजाऱ्याचं हे थडगं आहे, इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपासचं. बाहेरून छोटं देऊळच वाटतं. पुढे खांबांचा मंडप, आत गाभाऱ्यासारखी खोली आणि तिच्याखाली दफनाची जागा. वडील सिशू, थोरला भाऊ आणि तो स्वतः, तिघेही थॉथ देवाचे मुख्य पुजारी. थॉथ हा लेखनाचा, ज्ञानाचा देव. (गणपतीशी तुलना करायचा मोह होतो, पण टाळतो.)

पेटोसिरिस नुसती पूजा करणारा नव्हता. परक्यांच्या राजवटीत देवळाची पार रया गेली होती. त्याने सात वर्षं देवस्थानाचा कारभार पाहिला, पडझड झालेलं पुन्हा उभं केलं, घडी बसवली. मंडपाच्या भिंतींवर सुतार, धातूकाम करणारे, नांगर धरणारे, द्राक्षं तुडवणारे कोरलेत, तेही ग्रीक धाटणीच्या कपड्यांत! पुजाऱ्याच्या थडग्यात ही सगळी कामकरी माणसं, हे मला फार आवडलं.

आता मुद्दा. तिथले लेख पुन्हा पुन्हा सांगतात की देवाच्या वाटेने चालणाऱ्याचं भलं होतं. तो आपल्या गावात मानाने म्हातारा होतो, मुलाबाळांनी घर भरतं. अगदी ठाम शब्दांत.

आणि त्याच थडग्यात थोथरेखचा लेख आहे. थोथरेख पेटोसिरिसचा मुलगा, लहानपणीच गेलेला. लेखात तो स्वतः बोलतो. मी निष्पाप होतो, वाट्याचं आयुष्य न जगताच मला ओढून नेलं, गावभर माझे मित्र होते पण कोणी वाचवू शकलं नाही, आईबाबा रडले, भाऊ गुडघ्यांत डोकं घालून बसले, असा त्याचा आशय. मिरियम लिक्थाइम यांच्या इंग्रजी अनुवादात हे वाचलं आणि लॅपटॉप बंद केला.

कारण मागच्या वर्षी ऑफिसातल्या एका मित्राचा मुलगा गेला. भेटायला गेलो तेव्हा मी म्हणालो, "काहीतरी पूर्वीचं राहिलं असेल रे, देवाचा हिशोब आपल्याला कळत नाही." तो काही बोलला नाही. वहिनी उठून आत गेल्या. मला तेव्हा वाटलं, आपण धीर दिला.

माझ्यासारख्या इंजिनिअरला दोन रेकॉर्ड जुळले नाहीत की चैन पडत नाही. त्यातलं एक चुकीचं असणार, नाहीतर मधे काहीतरी लपलेलं असणार. पोराचा दोष, नाहीतर बापाचा. पेटोसिरिसच्या घरच्यांनी तसं काहीच शोधलं नाही. देवाची वाट भल्याची, हेही कोरून ठेवलं आणि आमचं लेकरू निष्पाप होतं, हेही. एकाने दुसरं खोडलं नाही.

ही श्रद्धा कच्ची म्हणायची का? मला उलट वाटतं. आपली श्रद्धा शाबूत राहावी म्हणून मी मित्राच्या मुलावर, न पाहिलेल्या कुठल्यातरी जन्माचा, आरोप ठेवला होता. कर्मसिद्धांत मी आजही मानतो. पण तो स्वतःला तपासण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या घरात जाऊन निकाल लावायचा अधिकार मला कोणी दिला?

पुढे या थडग्याला ग्रीक यात्रेकरू यायला लागले, भिंतींवर पेटोसिरिसची स्तुती लिहून जायला लागले. ज्ञानी म्हणून त्याची ख्याती झाली होती. थोथरेखचा लेख त्यांच्यातल्या कोणाला वाचता येत होता का, हा विचार मात्र मनातून जात नाही.

रविवारी मित्राकडे जाणार आहे. फोनवर विचारलं, "येऊ का?" तो जरा वेळ थांबला आणि म्हणाला, "ये. पण काही समजावू नकोस."

राम कृष्ण हरी.