ताप उतरल्यानंतरचा पांगळेपणा

डासांमुळे पसरणाऱ्या तापांचा हिशेब आपण रुग्ण किती आणि मृत्यू किती, या दोन आकड्यांवर संपवतो. ताप उतरल्यावर आठवडाभराने ज्याचे पाय उचलेनासे होतात, तो यात कुठेच दिसत नाही. झिका विषाणू 1947 साली युगांडात सापडला आणि पुढची साठेक वर्षे तो निरुपद्रवी समजला गेला. हा समज 2013-14 मध्ये फ्रेंच पॉलिनेशियाच्या बेटांवर मोडला. तिथली वस्ती जेमतेम पावणेतीन लाखांची. गुलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, या आजाराचे रुग्ण तिथे एरवी वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असत. झिकाच्या साथीत ते 42 झाले. या आजारात संसर्गाशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांत सुरू झालेली दुर्बलता वर चढत जाते आणि श्वासाचे स्नायू थकले की माणूस व्हेंटिलेटरवर जातो. त्या 42 पैकी दर दहांत तिघांना श्वासासाठी यंत्राची मदत लागली. एकही दगावला नाही. म्हणजे केवळ मृत्यू मोजले असते तर ही साथ सौम्यच ठरली असती.

ताप आणि लुळेपणा लागोपाठ आले म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही, हा आक्षेप रास्त आहे. लुळेपणा सुरू होईपर्यंत विषाणू बहुधा रक्तातून गेलेला असतो, आणि डेंग्यू व झिकाची प्रतिपिंडे चाचणीत एकमेकांशी गल्लत करतात. म्हणूनच एका रुग्णाच्या रिपोर्टवर विसंबता येत नाही, तुलना करावी लागते. संशोधकांनी तीच केली. 42 च्या 42 रुग्णांत झिकाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे होती. इतर आजारांसाठी आलेल्या, ताप नसलेल्या 98 जणांपैकी 54 जणांतच ती आढळली. ही तुलना करता आली, कारण लुळे पडलेले रुग्ण कुणीतरी वेगळे मोजून ठेवले होते.

दुसरा आक्षेप दुर्मीळपणाचा. याच अभ्यासाच्या अंदाजाने सुमारे चार हजार लागणींमागे एकाला जीबीएस होतो. पण झिका पसरवणारा एडिस डास चावतो तेव्हा एखाद्या गावात नव्हे, अख्ख्या शहरात चावतो, आणि हे सारे रुग्ण त्याच काही आठवड्यांत अतिदक्षता विभागाच्या दारात येतात. जीबीएसच्या उपचारात दिल्या जाणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनचा खर्च लाखांच्या घरात जातो. प्लाझ्मा बदलण्याचा उपचारही तितकाच गुणकारी, पण त्यासाठी यंत्र आणि प्रशिक्षित माणसे आधीपासून तयार लागतात.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसरला राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण आढळला आणि 2024 मध्ये पुणे शहरातही झिका पसरला. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसची साथ आली, पण तिचा संबंध दूषित पाण्याशी आणि कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूशी जोडला गेला, डासांशी नव्हे. मग डासांना कशाला दोष द्यायचा, असे कुणी विचारेल. माझ्या मते नेमके याचसाठी प्रत्येक लुळेपणाची नोंद हवी: आधी कारण गृहीत धरून शोध घेतला, तर पाणी असो वा डास, दोन्ही निसटतात. पोलिओच्या निर्मूलनासाठी आपण हेच केले. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला की कारण काहीही असो, त्याची नोंद होते आणि शौचाचे नमुने प्रयोगशाळेत जातात. ही यंत्रणा आजही चालू आहे. प्रौढ मात्र तिच्या बाहेर आहेत. आधीच दमलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर आणखी एक फॉर्म लादायचा का, ही तक्रार मला खरी वाटते. म्हणून सुरुवात सगळीकडून नको. डेंग्यू, चिकनगुनिया किंवा झिकाची साथ असलेल्या जिल्ह्यांतल्या मोठ्या रुग्णालयांत, साथीच्या महिन्यांपुरती, प्रौढांची नोंद घ्यावी. मागच्या महिन्यातल्या तापाची विचारपूस आणि रक्त-लघवीचे नमुने यांपलीकडे काही मागू नये. ही विचारपूस रुग्णाच्याही फायद्याची आहे: इम्युनोग्लोब्युलिनचा उपयोग लुळेपणाच्या पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक होतो, आणि पायांना मुंग्या येऊन तोल जाऊ लागलेला माणूस तापानंतरचा अशक्तपणा समजून हेच दिवस अंगावर काढतो.