कबड्डीच्या मैदानावर दुसरी नजर

शालेय कबड्डीचा सामना रंगात आला की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत मैदानाच्या चारही बाजूंनी मोबाइल वर होतात. चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली तेव्हा त्याचा मागचा पाय हवेत होता की टेकलेला? पंचांनी हात वर केला रे केला की पोरं स्क्रीन पुढे करत धावतात. पंच तिकडे बघत नाहीत. मला वाटतं, आता त्यांनी बघावं; मात्र काय आणि केव्हा बघायचं, हे आधी ठरलेलं हवं.

पंचाचा शब्द अखेरचा, ही समजूत टीव्हीने हलवली. 1963 च्या डिसेंबरात अमेरिकेत लष्कर विरुद्ध नौदल या अमेरिकन फुटबॉल सामन्यात टोनी व्हर्ना या दिग्दर्शकाने नुकताच घडलेला क्षण लगेच पुन्हा दाखवला. समालोचकाला सांगावं लागलं की लष्कराच्या संघाने पुन्हा गुण केलेले नाहीत! ही सोय प्रेक्षकांपुरती होती. पण त्यातून घरी बसलेल्याला पंचापेक्षा जास्त दिसू लागलं आणि पंचाची चूक लपेनाशी झाली. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलने 1986 साली पंचांनाही चित्रण दिलं, 1991 च्या हंगामानंतर ते बंद केलं आणि 1999 मध्ये परत आणलं. या वेळी प्रशिक्षकांना मोजक्याच हरकती घेता येणार होत्या.

आपल्याकडे हा विचार क्रिकेटमधून आला. 1992 च्या नोव्हेंबरात डर्बनला तिसऱ्या पंचाने चित्रण पाहून बाद दिलेला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. कबड्डीला मात्र प्रो कबड्डी लीगपर्यंत थांबावं लागलं.

कॅमेरा आला की वाद मिटतो, हा भ्रम हांगझोऊत फिटला. ऑक्टोबर 2023, आशियाई स्पर्धेची अंतिम लढत, भारत-इराण 28-28, शेवटची मिनिटं. भारताचा चढाईपटू पवन सेहरावत कुणालाही न शिवता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्यामागे. पाय कुठे पडले ते चित्रणात होतं. तरी सामना तासभर अडला, कारण एकटा चढाईपटू बाद की मागे गेलेले बचावपटूही, यावर जुना नियम एक सांगत होता, नवा दुसरं. भारत 33-29 असा जिंकला, पण तो तास मला अजून खटकतो.

कबड्डीची आणखी एक अडचण आहे. चढाईपटूचा दम तुटला की नाही, हे पंच कानाने ठरवतो. शे-दोनशे पोरांच्या ओरड्यात काठावरच्या मोबाइलला तो दम ऐकू येणार नाही. म्हणून दम पंचाकडेच राहावा.

अमेरिकेतल्या शालेय बास्केटबॉलचा नियम मला म्हणूनच पटतो. तिथे पंचांना चित्रण पाहायला मनाई आहे. अपवाद राज्य अजिंक्यपदाच्या सामन्यांचा, तोही राज्य संघटनेने परवानगी दिली तर: चौथ्या सत्राच्या किंवा जादा वेळेच्या अखेरीस, घड्याळ संपताना टाकलेला चेंडू धरायचा का आणि धरला तर दोन गुण की तीन, एवढंच बघायचं.

आपल्याकडे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण आहे. तिच्यावर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण अवलंबून असतं. भामरागड किंवा जिवतीच्या आश्रमशाळेतली मुलगी एका चुकीच्या बोनसमुळे जिल्ह्यातच अडकली, तर तिचं ते वर्ष गेलं. वयोगट ओलांडला तर ती संधीही गेली.

तेव्हा दोन्ही जिल्ह्यांच्या क्रीडा कार्यालयांना आणि कबड्डी संघटनांना विनंती आहे. जिल्ह्याच्या उपांत्य आणि अंतिम सामन्यांपुरते दोन मोबाइल स्टँडवर लावा, एक बोनस रेषेच्या टोकाशी, दुसरा मध्यरेषेच्या. संघाला एकच हरकत द्या, तीही फक्त रेषेच्या प्रश्नावर. प्रेक्षकांचं चित्रण धरू नका. आणि लॉबीचा कोणता नियम लागू आहे, ते नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधारांना वाचून दाखवा.